दप्तराची किल्ली कोणाच्या हाती?

गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर जुलै २०२५ मध्ये जो प्रसंग ओढवला, त्याची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. या कंपनीत रोझनेफ्ट या रशियन कंपनीचा जवळजवळ अर्धा वाटा आहे. एवढ्या कारणावरून युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. पूर्ण मूल्य देऊन परवाने घेतलेले असतानाही स्वतःच्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, अशी तिची तक्रार होती. महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या. परंतु भारताने ज्या निर्बंधांना मान्यता दिलेली नाही, ते भारताच्या भूमीवर, भारतीय कर्मचाऱ्यांच्या संगणकावर लागू झाले, हे सत्य त्यामुळे पुसले जात नाही.

एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर भोसरी, अंबड किंवा गोकुळ शिरगावच्या लघुउद्योजकाने काय करावे? त्याच्याही कपाटांत आता फायली मावत नाहीत. खरेदीची बिले, गिऱ्हाइकांचे आराखडे, कामगारांची कागदपत्रे, जीएसटीची विवरणपत्रे या साऱ्यांसाठी तो दस्तऐवज सांभाळणारे सॉफ्टवेअर घेऊ पाहतो आहे. विक्रेत्याचा तरुण प्रतिनिधी येतो, पडद्यावर रंगीत चित्रे दाखवितो, दरमहा दरडोई भाव सांगतो. मालक घासाघीस करतो आणि व्यवहार ठरतो. उद्या हे सोडायचे झाले तर आमचे कागद आम्हाला कसे परत मिळणार, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारीतच नाही. जागा भाड्याने घेताना करारनामा चार वेळा वाचणारा गृहस्थ येथे मात्र शेवटचे पान न पाहताच सही करतो!

‘कागद केव्हाही उतरवून घ्या,’ असे उत्तर बहुधा मिळते आणि ते अर्धेच खरे असते. फायली मिळतात, पण कोणते बिल कोणत्या मागणीचे, कोणता आराखडा जुना आणि कोणता सुधारित, त्याला मंजुरी कोणी दिली, या नोंदी विक्रेत्याच्या साच्यात अडकून राहतात. हाती येते ती नुसती रास. रास म्हणजे काय, हे महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, तरी उरलेल्या मोडी रुमालांचा डोंगर वाचकांची वाट पाहत राहिला. कागद जिवंत होता, वाचणारे विरळ झाले होते. म्हणूनच दीर्घकाळ ठेवायचे कागद पीडीएफ-ए यांसारख्या खुल्या, प्रमाणित स्वरूपात आणि त्यांच्या नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता येणे, ही पहिली अट असली पाहिजे.

मग स्वदेशी सॉफ्टवेअर घेतले की प्रश्न सुटला का? केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये आपले कार्यालयीन काम झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर नेत असल्याचे जाहीर केले, ते स्वागतार्हच होते. नायराच्या अनुभवानंतर तर भारतीय पर्यायाला प्रथम पसंती देणे हा केवळ भावनेचा विषय राहिलेला नाही. तथापि, विक्रेता आपला असला तरी त्याने कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर त्याला स्वावलंबन कसे म्हणावे? सर्व्हर आपल्या देशात असणेही पुरेसे नाही. सप्टेंबर २०२५ मध्येच दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘जी-ड्राइव्ह’ हा संग्रह नष्ट झाला. केंद्र त्यांचेच, देश त्यांचाच. दुसऱ्या जागी प्रत मात्र नव्हती. मंत्रालयात २१ जून २०१२ रोजी जळालेल्या फायली ज्यांना आठवतात, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मुक्तस्रोत प्रणालीचाही मार्ग आहे आणि तीत परवान्याचे जोखड नसते. पण ती सांभाळणारा जाणता माणूस पदरी नसेल तर ती फुकटची म्हणून घेऊ नये.

भाषेचा प्रश्न तर कोणाच्या गावीही नसतो. अनेक कार्यालयांतील जुना मराठी पत्रव्यवहार श्रीलिपी, कृतिदेव अशा वळणांत टंकलिखित झालेला आहे. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण युनिकोडमध्ये नसल्यामुळे शोधयंत्राला त्यातील एक अक्षरही कळत नाही. ‘कुलकर्णी’ असा शोध घेतला तर शंभर पत्रांपैकी एकही सापडत नाही. तेव्हा विक्रेत्याच्या इंग्रजी नमुन्यावर न भुलता आपलीच पत्रे पुढे ठेवून शोध घ्यायला सांगावे.

अधिकारांची वाटणी हा आणखी एक विषय. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांवर जबाबदारी वाटलेली असे. एकट्याच्या मर्जीवर गड सोडलेला नसे. कार्यालयात मात्र नोंद करणारा, मंजुरी देणारा आणि पुसून टाकणारा बहुधा एकच असतो आणि पासवर्ड तिघा-चौघांना तोंडपाठ असतो. कायदा आता असे चालू देत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, असे बंधन कंपन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून आहे. हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय दस्तऐवज पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. ते देण्याइतक्या नोंदी प्रणाली ठेवते का, हे वकिलाला आधीच विचारलेले बरे.

सही करण्यापूर्वी एक शनिवार त्यासाठी मोकळा ठेवावा. आपलेच दोनशे कागद, त्यांत मराठी पत्रे आणि मळकी बिलेही असू द्यावीत, प्रणालीत घालावेत. आवक-जावक सांभाळणाऱ्या जुन्या कारकुनाला शेजारी बसवावे. कोणता कागद कोठे जातो हे कंपनीत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दुपारी ते सर्व कागद नोंदींसह बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर न्यावेत, इंटरनेटची तार काढावी आणि त्यालाच गेल्या वर्षीचे एखादे बिल शोधायला सांगावे. ते सापडले तरच सोमवारी विक्रेत्याशी भावाचे बोलावे.