कोकणाला विद्यापीठ हवे, पण कोणते?

स्टॅनमोर : गेल्या हिवाळ्यात भारतात गेलो असता दापोली तालुक्यातील मुरूड या किनाऱ्यावरच्या गावी दोन रात्री मुक्काम केला. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांची मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोकणाच्या स्वतंत्र विद्यापीठाचा विषय निघाला तेव्हा वडील उत्साहाने म्हणाले, "होऊ दे एकदाचं, मुंबईचे हेलपाटे तरी वाचतील." मुलीने मात्र मला विचारले, "काका, मग आमच्या पदवीवरचं मुंबईचं नाव जाईल ना?"

एकाच घरातील ही दोन मते म्हणजे या मागणीचा सगळा पेच आहे.

मुरूडला परीक्षेसाठीच्या पायपिटीची आठवण जुनी आहे. याच गावात वाढलेले धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात एका सरकारी परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेही पुण्यात. कोकणचा माणूस विद्यापीठ काढतो, पण घाटावर जाऊन! यात त्यांचा दोष नव्हता. साधने आणि माणसे तिकडे होती.

आज रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. रत्नागिरीत उपकेंद्र आहे. तथापि निर्णयाचे केंद्र मुंबईच. सावंतवाडीहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, तर गोवा विद्यापीठ दीड-दोन तासांवर. २०१७ मध्ये संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईत मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवावे लागले. मुंबईतला विद्यार्थी निदान विद्यापीठाच्या दारात जाऊन उभा राहू शकत होता. देवगड-वेंगुर्ल्याच्या विद्यार्थ्याने कोठे जावे?

दूरत्वाचा हा दोष मुंबई विद्यापीठाच्या जन्मातच आहे. १८५७ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले आणि १८३६ चे ते लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. परीक्षा घेई व पदव्या देई. साम्राज्याला हा नमुना सोयीचा होता. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सिएरा लिओनमध्ये १८२७ साली निघालेले फोरा बे महाविद्यालय १८७६ मध्ये इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाशी जोडले गेले. विद्यार्थी फ्रीटाउनचे, पदवी डरहॅमची. तेथेही पालकांना त्या दूरच्या नावाचे अप्रूप असणारच. पुढे स्वतंत्र घानाने १९६२ मध्ये केप कोस्ट या समुद्रकाठच्या गावी शिक्षक घडवण्यासाठी विद्यापीठीय महाविद्यालय काढले. १९७१ मध्ये त्याला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आधी कामाचा हेतू ठरला, दर्जा नंतर आला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे क्रम उलटा होण्याची भीती आहे. मुख्यालय रत्नागिरीत की सिंधुदुर्गात, यावर वाद रंगेल. कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा विभाग येतील आणि त्याच अभ्यासक्रमांच्या त्याच परीक्षा नव्या शिक्क्याने होतील. हेलपाटे कमी होतील, हे खरे, आणि तेही थोडे नाही. पण तेवढ्यासाठी मुंबईचे नाव सोडा, असे त्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगावे?

नाव सोडण्याजोगे काही द्यायचे असेल, तर ते किनाऱ्याचेच असले पाहिजे. राज्याचे पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ नागपुरात आहे, समुद्रापासून शेकडो मैलांवर! रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. मासेमारी, बंदरे, आंबा-काजू प्रक्रिया, किनाऱ्याची धूप, कातळशिल्पे या विषयांवर उच्च शिक्षण आणि संशोधन येथे नाही, तर कोठे व्हावे? स्कॉटलंडच्या उत्तरेकडील विरळ वस्तीत २०११ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळालेली हायलँड्स अँड आयलंड्स ही संस्था विखुरलेल्या महाविद्यालयांची मिळून बनली आहे. तिच्या ऑर्कनीतील महाविद्यालयात पुरातत्त्व शिकता येते, कारण ते अवशेष तेथे जमिनीतच आहेत.

विरोधक विद्यार्थिसंख्येचा प्रश्न काढतात आणि तो पोकळ नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे ४.८ टक्क्यांनी, तर सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. परंतु कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या निकालांत सातत्याने राज्यात पहिले येते. मुले कमी आहेत ती शिकत नाहीत म्हणून नव्हे, तर शिकून निघून जातात म्हणून. गडचिरोली व चंद्रपूर या दोनच जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ होऊ शकले. तेव्हा संख्येचा निकष कोकणालाच का लावावा, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

निघताना त्या मुलीला पुढे काय करणार, असे विचारले. समुद्री जीवशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे, म्हणाली. अर्ज गोव्याला आणि मुंबईला करणार आहे. बोलत होतो तेथून समुद्र दिसत होता.