कार्डावरचा ‘वाहक’

‘वाहक’ म्हणजे कोण, असे वर्धेच्या बसस्थानकावर कुणालाही विचारा. एसटीत तिकीट देणारा, असेच उत्तर येईल. तोच शब्द सिकलसेलच्या कार्डावर दिसला की घराची झोप उडते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. विदर्भाला तिची गरज आहेच. पण कागदावरचा निकाल घरच्यांना कळला नाही, तर रक्त काढून उपयोग काय?

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. ती ‘पॉझिटिव्ह’ आली तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढेच कळते. माणूस रुग्ण की वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनंतर ठरते. कोरोनानंतर मात्र ‘पॉझिटिव्ह’ म्हटले की लोक चार हात लांब सरकतात. सिकलसेल कुणापासून लागत नाही. तो आईवडिलांकडून येतो.

पुढच्या अहवालात असते ‘एएस’ किंवा ‘एसएस’. एका अक्षराचा फरक. एसएस म्हणजे रुग्ण: हाडे-सांधे दुखण्याचे झटके, रक्तक्षय, वारंवार संसर्ग, नियमित औषध. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा कसलाच त्रास नसतो, औषधही लागत नाही. तरीही एएस मुलीचे जमलेले लग्न मोडल्याचे ओपीडीत ऐकायला मिळते. मग तिची धाकटी बहीण तपासणीलाच येत नाही. दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. ‘ट्रेट आहे, काळजी नको’ म्हणत आम्ही पुढचा पेशंट बोलावतो.

‘25 टक्के शक्यता’ हेही असेच. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली, असे समजणारी जोडपी भेटतात. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वेळी दिवस राहिले की चारात एक हा धोका नव्याने असतो.

वाहकाच्या कार्डावर एवढेच लिहावे: ‘तुम्हाला हा आजार नाही. लग्नाआधी जोडीदाराचे रक्त तपासा. दोघेही असेच निघालात, तर दिवस राहिल्याबरोबर सरकारी दवाखान्यात या, पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते.’ छापण्याआधी आशाताईंनी ते गावात मोठ्याने वाचावे आणि ऐकणारीला विचारावे, ‘काय समजलं, सांग बरं?’ तिला सांगता आले नाही, तर मजकूर पुन्हा लिहायला घ्यावा.