औरंगजेब आपला होता का?

मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटला, त्या आठवड्यात येवल्यातल्या माझ्या वर्गात सातवीच्या एका मुलाने विचारले, "सर, औरंगजेब आपला होता का?" कुणीतरी त्याला त्या नावाने चिडवले होते.

औरंगजेबाने जिझिया बसवला, १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारले. हे नाकारायचे कशाला? त्यानेच सख्खा भाऊ दारा शुकोह मारला, विजापूर आणि गोवळकोंड्याची मुसलमान राज्ये बुडवली. शिवाजी महाराजांना पुरंदरचा तह करायला लावणारा त्याचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग मात्र हिंदू. आणि पानिपतावर अब्दालीविरुद्ध मराठ्यांकडून तोफा डागणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान!

मला जास्त खंत आपल्याच लोकांची वाटते. समोरच्याने बादशहाला शिवी दिली, की आमच्यातले काहीजण लगेच तो टोप्या शिवून कसा पोट भरायचा ते सांगू लागतात. अल्लाह, फरिश्ते, किताबे, रसूल, आखिरत, तकदीर यांच्यावर ईमान ठेवायचे, हे मदरशातले पोरही सांगेल. त्यात बादशहा कुठे आला? मग त्याची वकिली आपण का करायची? आणि त्याचा हिशेब सातवीतल्या पोराकडे कुणी का मागायचा?

त्याला मी तात्या टोपेंचे सांगितले. तात्या इथलेच, येवल्यात जन्मलेले. १८५७ च्या ज्या उठावात ते लढले, त्यात शिपायांनी बादशहा मानलेला बहादूरशहा जफर औरंगजेबाचाच वंशज.

"सर, हे पुस्तकात आहे का?" त्याने विचारले. चिडवणाऱ्याला दाखवायचे होते.