दिवे दहा, बटण एक



गेल्या आठवड्यात एका दाखल्यासाठी हातकणंगल्यातल्या एका कार्यालयात गेले होते. बाहेर रखरखीत ऊन, आत भरदिवसा दिवे. खिडकी एकच, तीही अर्धी कपाटाआड. जेवणाची सुट्टी होती. कोपऱ्यात एक बाई काम करत होत्या आणि बाकीच्या रिकाम्या टेबलांवर दहाही ट्यूब चालू! शिपाईमामांना म्हटलं, "मामा, बंद करा की." ते म्हणाले, "ताई, सगळ्यांना मिळून बटण एकच हाय. बंद केलं तर त्या बाई अंधारात."

मला वाटतं, खरं दुखणं त्या एका बटणात आहे.

2015 च्या जानेवारीत उजाला योजना आली आणि एलईडी स्वस्त झाले. जुनी 40 वॅटची ट्यूब चोक धरून 50 वॅटच्या आसपास खायची, आता 20 वॅटमध्ये भागतं. तरी अशा दहा ट्यूब दहा तास जळल्या की रोजची 2 युनिटं होतात. दिवे बदलले, वायरिंग जुनंच राहिलं.

खिडकीजवळच्या रांगेला वेगळं बटण द्यावं, कपाट हलवावं. फायलींच्या खोलीत, स्वच्छतागृहात सेन्सर बसवावा. जिथे माणूस बसून काम करतो तिथे मात्र जपून. टायपिंग करणारा फारसा हलत नाही, दिवा मध्येच विझतो, मग वैतागून लोक सेन्सरच बंद करून टाकतात. तिथे दिवा हातानेच लावावा आणि खोली रिकामी झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी सेन्सरने विझवावा.

काटकसर म्हणजे अंधार नव्हे. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर 300 ते 500 लक्स उजेड हवाच. जिन्यात 100 पुरतो. छतावरचे दिवे थोडे कमी करून टेबलावर छोटा दिवा दिला तर डोळेही वाचतात.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे. गरज नसताना पाणी सांडणं, अग्नी पेटवणं हासुद्धा दोषच. घरात आपण खोलीबाहेर पडताना बटणाकडे हात नेतोच, बिल आपलं असतं ना! ऑफिसचं बिल कुणालाच आपलं वाटत नाही. म्हणून तिथे नुसता उपदेश पुरत नाही, हाताशी बटण लागतं.

तुमच्या घरातलं कुणी ऑफिसात, पेढीवर, पतसंस्थेत असेल, तर आज जेवताना एवढंच विचारा: तुमच्या खोलीत दिवे किती, आणि बटणं किती?