कॅपच्या आत काय आहे?

आईला खोटे कानातले चालत नाहीत. घातले की दुसऱ्या दिवशी कानाची पाळी लाल होते, खाज सुटते. म्हणून नाताळच्या मिस्सालासुद्धा तिचे तेच जुने सोन्याचे टॉप्स. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या दाढेवर कॅप बसली, तेव्हा हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. विचारलं एवढंच, "चांदीसारखी हवी की दातासारखी?" आई म्हणाली, "दातासारखी." पावतीवर एकच शब्द होता, 'कॅप'.

ही 'दातासारखी' कॅप अनेकदा आतून धातूचीच असते. धातूच्या पातळ टोपीवर सिरॅमिकचे थर देऊन ती भट्टीत 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. थंड होताना धातू सिरॅमिकपेक्षा किंचित जास्त आकसतो, त्यामुळे वरचा थर दाबून धरला जातो आणि टिकतो. अमेरिकेत 1962 साली या पद्धतीचं पेटंट मिळालं, तेव्हा आत सोन्याचा मिश्रधातू होता. आज स्वस्त कॅपमध्ये बहुधा निकेल-क्रोमियम असतं. आणि खोट्या दागिन्यांनी कान लाल होतो तो बऱ्याचदा याच निकेलमुळे!

माझा या कॅपवर राग नाही. ती खिशाला परवडते, वर्षानुवर्षं टिकते. निकेलची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला तोंडात त्रास होतोच असंही नाही. आईलाही अजून काही झालेलं नाही. माझं म्हणणं इतकंच, की न विचारता, न सांगता ती बसू नये. आपण रंग बघतो, भाव विचारतो; धातू विचारत नाही. मागची, कुणाला न दिसणारी दाढ असेल तर पूर्ण धातूच्या कॅपसाठी दात कमी घासावा लागतो, हेही आपल्याला कळायला हवं. पांढऱ्या रंगासाठी आपण स्वतःच्याच दाताचा थोडा भाग देत असतो.

यंदा आईच्या दुसऱ्या दाढेची पाळी आली. या वेळी मी सोबत गेले आणि आधी कानातल्यांची गोष्ट सांगितली. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं बोललीस." मग त्यांनी निकेल नसलेला कोबाल्ट-क्रोमियम आणि बिनधातूची झिर्कोनिया, दोन्हींचे भाव कागदावर मांडले. झिर्कोनिया महाग, म्हणून आईनं पहिली निवडली. पण या वेळी निवड तिची होती. पावतीवर धातूचं नावही लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "डॉक्टरांना एवढं विचारतात होय गं?"

हो आई, विचारतात. विचारायचंच.