कुलाब्याचं प्रमेय दिंडोरीच्या वर्गात

मी दिंडोरीत अकरावी-बारावीला गणित शिकवते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागेतून थेट वर्गात आलेल्या एका मुलीनं तास संपल्यावर विचारलं, "मॅडम, गणितात आता शोधायचं काय उरलंय?" पुस्तकातलं प्रत्येक गणित आधीच सुटलेलं, मग तिला दुसरं काय वाटणार?

मी तिला कुलाब्याची गोष्ट सांगितली. १९६५ साली तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री या तेहतिशीतल्या दोघांनी एक प्रमेय प्रसिद्ध केलं. बागेत खुंटाखुंटावर वेल उभी असते, तसा एखाद्या वक्र पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर सदिशांचा एकेक अवकाश उभा करायचा. या सगळ्यांचं मिळून होतं बंडल. त्यातल्या कुठल्याही लहान उपबंडलाच्या पिळाची सरासरी पूर्ण बंडलाच्या सरासरीपेक्षा कमीच राहिली, तर ते स्थिर. विरळणी करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: एका काडीवरचा भार वेलीच्या मानानं वाढू द्यायचा नसतो. पृष्ठावरच्या बंद वाटेनं फिरून येताना सदिश लांबी न बदलता कसा वळतो, यावरून स्थिर बंडलं ओळखता येतात, हे त्या दोघांनी दाखवलं.

१९८३ मध्ये सायमन डोनाल्डसन यांनी त्याच प्रमेयाची नवी सिद्धता दिली. बंडल स्थिर असेल तर त्याची वक्रता सगळीकडे सारखी पसरवता येते. ती पसरवणारं आंशिक अवकल समीकरण म्हणजे आमच्या बारावीतल्या डिफरन्शियल इक्वेशनचं थोरलं भावंड. १९८६ मध्ये कॅरेन उलेनबेक आणि शिंग-तुंग यौ यांनी ते वरच्या मितींतही सोडवलं. आबेल पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री उलेनबेक, २०१९ साली. मुलीनं ते नाव वहीच्या समासात लिहून घेतलं.

माझ्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांत नरसिंहन-शेषाद्री ही नावं एकदाही कानावर आली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं. कुलाबा इथून जेमतेम दोनशे किलोमीटर! हंगामात द्राक्षं रोज तिकडे जातात, तिथलं गणित मात्र इकडे येत नाही.

म्हणून संशोधन संस्थांकडे माझं मागणं आहे: तालुक्याच्या कॉलेजात वर्षातून एकदा या, मराठीत बोला, फळ्यावर न सुटलेला एक प्रश्न ठेवून जा. राहण्या-जेवण्याची सोय मी करते. फक्त पावसाळ्यात या; छाटणी-तोडणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बागेत असतो.