मायदेशीचा तुरुंग

'प्रत्यार्पण' आणि 'कैद्याचे हस्तांतरण' हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्यार्पणात माणूस त्याच्या इच्छेविरुद्धही परक्या न्यायालयाच्या हवाली होतो. हस्तांतरणात शिक्षा झालेला कैदी उरलेली मुदत भोगण्यासाठी स्वदेशी येतो, आणि त्याला सहसा त्याची संमती लागते. (सातबाऱ्याच्या दप्तरातला हा शब्द माणसाला लावणे आम्हांस खटकते, पण दुसरा रुळलेला नाही.)

1908 साली लोकमान्यांना सहा वर्षांसाठी मंडालेस धाडले गेले, तेव्हा अंतर हाच शिक्षेचा भाग होता. आज परदेशी तुरुंगातल्या कैद्याला न्यायाधीशाने केवळ कारावास सुनावलेला असतो. परकी भाषा आणि भेटीस न येऊ शकणारे आप्त निकालपत्रात नसतात, तरी तो तेही भोगतो. म्हणूनच युरोप परिषदेचा 1983 चा स्ट्रासबर्ग करार आणि भारताचा 2003 चा कायदा यांमागील तत्त्व आम्हांस मान्य आहे.

मात्र रामिल साफारोव्हचे प्रकरण विसरता येत नाही. या अझरबैजानी अधिकाऱ्याने 2004 साली बुडापेस्टमध्ये, नाटोच्या प्रशिक्षणवर्गास आलेल्या एका आर्मेनियन अधिकाऱ्याला झोपेत कुऱ्हाडीने ठार केले. जन्मठेप झाली. 2012 साली हंगेरीने त्याला स्वदेशी पाठवले. त्याच दिवशी त्याला माफी मिळाली, पाठोपाठ बढतीही! 2020 साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अझरबैजानला दोषी ठरवले, पण साफारोव्ह मोकळाच राहिला.

हे उदाहरण देऊन हस्तांतरणच नको म्हणणारे आहेत. आम्हांस दोष अन्यत्र दिसतो. स्ट्रासबर्ग करार दोन्ही देशांना माफीचा अधिकार देतो, आणि विष शिरले ते याच फटीतून. याउलट 2007 साली चाडमध्ये, 103 मुलांना विमानाने फ्रान्सला नेऊ पाहणाऱ्या फ्रेंच संस्थेच्या सहा जणांना आठ वर्षे सक्तमजुरी झाली. ते फ्रान्समध्ये आल्यावर तेथील न्यायालयाने सक्तमजुरीचा साधा कारावास केला, मुदत तीच ठेवली. 2008 मध्ये माफी दिली ती चाडच्या राष्ट्राध्यक्षांनी. त्यात राजकारण नव्हते असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. तरी क्षमेचा अधिकार शिक्षा देणाऱ्याकडेच राहिला, आणि तो तेथेच असावा.

आपल्याकडचा प्रश्न निराळा आहे. भारतीय कायद्यानुसार निदान सहा महिने शिक्षा उरलेली हवी, अपील प्रलंबित नको, फाशीची शिक्षा नको आणि कैद्याची संमती हवी. संयुक्त अरब अमिरातींशी असा करार 2011 मध्ये झाला. पण ही संमती कोणत्या भाषेत घेतली जाते? कोकणातून आखातात गेलेल्या मजुरापुढे अरबी वा इंग्रजी कागद ठेवून सही घेतली, तर ती संमती कसली? तेथे राहिल्यास कदाचित रमजानात माफी मिळेल, येथे आल्यास आई भेटेल पण मुदत बहुधा पुरी भोगावी लागेल, हा हिशेब त्याला त्याच्या बोलीत कुणीतरी मांडून दाखवायला हवा.